लाईट आली, मशीन लावा!

जांब समर्थचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस आधी हात जोडतो. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी 1608 च्या रामनवमीला नारायण जन्मला तो याच गावात. पुढे तो समर्थ रामदास झाला आणि जांबाच्या मागे 'समर्थ' कायमचं लागलं. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव पाहुण्यांना ठाऊक असतं ते राममंदिरापुरतं, उत्सवापुरतं. आम्हा ऐंशीच्या दशकात इथे वाढलेल्या पोरींना मात्र रामनवमी म्हटलं की आधी धुणं आठवतं. उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात घराघरांतून चादरी, सतरंज्या, पडदे, ठेवणीतली धोतरं बाहेर निघायची. पाहुणे मुक्कामाला येणार, त्यांना मळकं अंथरूण कसं द्यायचं? आणि चैत्र म्हणजे आडाचं पाणी तळाला गेलेलं. उत्सव आणि टंचाई हातात हात घालूनच दारात यायच्या.

त्या काळी घरातल्या बायकांच्या हातात बरंच काही असायचं. लोणच्याला कैऱ्या किती, पापडाला उडीद किती, माहेरवाशिणीच्या ओटीत काय घालायचं, हे त्याच ठरवायच्या. धुणं कधी करायचं हे मात्र त्यांना कधी ठरवता आलं नाही. आधी ते आडातलं पाणी ठरवायचं, दुष्काळात टँकर ठरवायचा आणि घरात मशीन आलं तेव्हा लाईट ठरवू लागली. आता गावागावांतल्या स्लॅबवर सोलरची पॅनेलं चढायला लागली आहेत आणि भरदुपारी न्हाणीतून मशीनचा आवाज येतो. तो ऐकला की आम्हा सगळ्या बहिणी-भावजयांची एकच बैठक जमते आणि गप्पा मागे जातात.

आमची पिढी आणि जालना जिल्हा साधारण एकाच वयाचे. 1 मे 1981 ला औरंगाबादपासून जालना वेगळा निघाला, त्याच्या आगेमागे आम्ही जन्मलो. घरं मातीची, वर माळवद, मागे न्हाणी आणि न्हाणीला लागून एक काळा पसरट दगड. वर्षानुवर्षं घासून दगडाच्या मधोमध खळगा पडलेला, शेजारी भिंतीला टेकवलेलं धोपाटणं. साबणाची वडी जपून वापरायची वस्तू होती. आजीच्या तरुणपणी तर हिंगणबेटाची फळं भिजवून, चोळून त्यांच्या फेसात कपडे धुवायचे. ठेवणीतल्या पातळाला रिठे. फारच मळलेलं धोतर असलं तर धुण्याचा सोडा टाकून चुलीवर उकळी द्यायची.

धुण्याला क्रम होता आणि तो पाण्याच्या हिशेबाने लागलेला होता. साबणाच्या पहिल्या पाण्यात पांढरे कपडे. त्याच पाण्यात मग रंगीत. त्यानंतर शाळेतून आलेल्या पोरांचे आणि सगळ्यांत शेवटी रानातून आलेल्या बापूंचे, म्हणजे वडिलांचे, कपडे. आमचं रान काळं. पावसाळ्यात तो चिखल विजारीला चिकटला की वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळला की झटकायचा, निम्मा तिथेच जायचा, उरलेला धोपटून काढायचा. शेवटचं काळं पाणी दारची ओटी-अंगण ओलं करायला आणि खळबळल्याचं पाणी केळीच्या आळ्यात. एक घागरही मोरीत वाया गेली तर आजीची नजर फिरायची.

नऊवारी लुगडं पिळायला दोघी लागायच्या. एका टोकाला माय, दुसऱ्या टोकाला आमच्यापैकी कुणीतरी. मायने उजवीकडे पीळ द्यायचा, आम्ही डावीकडे. पीळ मध्यावर येऊन गाठ घट्ट झाली की लुगडं उसळी मारायचं आणि आमच्या हातून सुटून धुळीत पडायचं. मग ते पुन्हा खळबळायचं, म्हणजे आणखी एक घागर. "आवळ की गं नीट! भाकर खाल्लीस का नुसता वारा?" हे वाक्य आमच्या वयाच्या गावातल्या प्रत्येक पोरीने ऐकलेलं आहे. आज चाळिशी ओलांडल्यावर मनगटं दुखली की आम्ही एकमेकींना लुगड्यांची आठवण काढून हसवतो.

वर्षाचं मोठं धुणं म्हणजे दसरा काढणं. घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुवून निघाली पाहिजे, हा दंडक होता. त्यात सगळ्यांत अवघड वाकळा. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालून शिवलेली वाकळ कोरडी असताना पोरगंही उचलतं. भिजली की दोन बायांना हलत नाही. वाकळा न्हाणीत धुवायची सोयच नव्हती. बैलगाडीत वाकळांचा ढीग, वर पोरं, सोबत भाकरी-ठेचा आणि गाडी निघायची शेतातल्या विहिरीवर, ओढ्याला, नाहीतर थेट गोदावरीच्या काठाला. पैठणला जायकवाडीचं धरण झाल्यावर डावा कालवा आमच्या तालुक्यातून गेला आणि कालव्याला पाणी असेल तर तिकडेही गाड्या वळायच्या. वाकळ पाण्यात टाकायची आणि पोरांनी वर उभं राहून तुडवायची. आमच्या लेखी ती जत्रा होती. आयांच्या लेखी काय होतं, हे आम्हाला स्वतःच्या घरातल्या रजया धुवायला लागल्यावर समजलं. दुपारपर्यंत बाभळींवर, कुंपणांवर, खडकावर रंगीबेरंगी वाकळा वाळत पडलेल्या असायच्या आणि त्यांच्या सावलीत पाय पसरून बसलेल्या बाया एकमेकींच्या पाठी दाबून देत असायच्या.

आणखी मागे गेलं तर परीट होता. बलुत्याच्या व्यवहारात वर्षाकाठी धान्य घेऊन परटाचं घर गावाचं धुणं धुवायचं, गाढवावर गाठोडी लादून पाण्यावर न्यायचं. आमच्या लहानपणी ही पद्धत मोडत आली होती. सुतक फिटल्यावरचं धुणं, लग्नातल्या पायघड्या एवढ्यापुरता परटाचा मान उरला होता. त्या घरच्या बायकांचे हात सोड्याने कायम सोललेले असायचे. गावाने त्यांना मानाचं धान्य दिलं खरं, पण त्या हातांना तेल कुणी दिलं नाही. परीट समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराट्याने गावं झाडली, त्यांचे फोटो शाळेत लागले. धुण्याच्या कष्टाकडे मात्र ते घरोघरी होत असूनही कुणाचं लक्ष गेलं नाही.

इस्त्री हे तर चैनीचं प्रकरण. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याची घडी रात्री उशाखाली ठेवायची. झेंडावंदन असलं की पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे, तांब्या चिमट्यात धरायचा आणि सदऱ्यावरून फिरवायचा. तांब्याच्या बुडाला काजळी राहिली असेल तर सदऱ्यावर काळा गोल उठायचा आणि पंधरा ऑगस्टला वर्गात तसे गोल मिरवणारी दोन-चार पोरं हमखास असायची.

मग कपडे बदलले. टेरीकॉट आलं, नायलॉनच्या साड्या आल्या. गावातल्या आज्या एकेक करून जाऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत नऊवारीही हळूहळू पेटीत गेली. टेरीकॉट लवकर वाळायचं, सुरकुतायचं नाही, धोपटायला लागायचं नाही. मायच्या पाठीला पहिला आराम मिळाला तो या कापडामुळे. दुसरा मिळाला पिवळ्या पावडरीमुळे. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये सुरू केलेली निरमा ऐंशीच्या दशकात आमच्या किराणा दुकानात पोत्याने यायला लागली. तिची जाहिरात तर आम्हाला पाढ्यांआधी पाठ झाली. पण तिचा खरा उपयोग वेगळाच होता. गावात बोअर पडायला लागले होते आणि बोअरचं पाणी जड. क्षारांच्या पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा साका धरतो आणि कपड्यावर बसतो. डिटर्जंट पावडर त्या पाण्यातही काम करते. आडाला पाणी नसताना बोअरच्या पाण्यात धुणं होऊ लागलं ते पावडरीच्या जोरावर. तिने हाताची सालं काढली, ही गोष्ट वेगळी.

विजेचं म्हणाल तर आमच्या बालपणी लाईट म्हणजे एक बल्ब, ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत झरोका पाडून दोन्हीकडे उजेड देणारा. पुढे टीव्ही आला. 1987 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा रामाच्या गावात धुणं काढायची कुणाची छाती? ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या अंगणात चपलांचा खच पडायचा. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळली की महिना महिना अंधार. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर पाठवा, वायरमनला चहा पाजा. लाईट जाणार, हे आम्ही पावसासारखं धरूनच चालायचो. तिच्या भरवशावर घरातलं कुठलंही काम ठेवायचं नाही, ही शिकवण आम्हाला कुणी वेगळी दिली नव्हती.

अशा घरांत वॉशिंग मशीन आलं. आलं ते बहुधा आंदणातून. नव्वदनंतर लग्नाच्या यादीत कपाट, पलंग, कूलर यांच्या खाली नवीन ओळ लिहिली जाऊ लागली. व्हिडिओकॉनचं नाव तेव्हा घरोघरी होतं. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा कारखाना होता, आजूबाजूच्या गावची पोरं तिथे कामाला लागली होती, त्यामुळे ही वस्तू आपल्या मराठवाड्याची, असा एक अभिमानही त्यात होता. पुढे त्या कंपनीचं दिवाळं निघालं आणि 2018 मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं, पण त्या वेळी आमच्याकडच्या लग्नात तिचं खोकं मांडवातून मिरवत आणलं जायचं.

मशीन दोन टबांचं. एका टबात धुवायचं, कपडे हाताने उचलून दुसऱ्यात टाकायचे, तिथे ते गरगर फिरून पिळून निघायचे. नळाला दाब लागत नाही, बादलीने पाणी ओतता येतं, म्हणून खेड्यात हेच चाललं आणि आजही हेच चालतं. वहिनी आंदणात मशीन घेऊन आली तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला जमल्या होत्या. आजीने टबात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "नुसतं घुसळून मळ जातो व्हय? धोपटल्याबिगर?" मग तिने बापूंच्या सदऱ्याची कॉलर आणि बाह्या दगडावर घासूनच मशीनमध्ये टाकायला लावल्या. गंमत म्हणजे आम्ही आजही तेच करतो. पिळणारा टब मात्र आजीला पहिल्याच दिवशी पटला. आपली सुती साडी त्यातून जवळजवळ कोरडी निघालेली पाहून ती दोन्ही हातांनी चाचपत बसली होती.

जुन्या घरांना अर्थिंग नव्हतं. ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या. म्हणून समोर लाकडी फळी टाकायची, पायात रबरी चप्पल घालायची आणि पोरांना हाकलायचं. बापूंनी एक दिवस अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून तांब्याची तार पुरली, तेव्हा कुठे वहिनीने फळी उचलली.

त्यानंतरची वर्षं आठवली की आजही आमच्यात कुणीतरी कपाळावर हात मारतं. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, राज्यात विजेचा तुटवडा वाढत गेला आणि खेड्यांत भारनियमनही वाढलं. दिवसातले दहा-बारा तास लाईट नाही, हे नेहमीचंच. 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आली. गावाने ठरलेल्या वेळी विहिरीवरच्या मोटारी बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरात सिंगल फेजवर दिवे मिळायचे. दिवे मिळाले, मशीनची मोटार मात्र कमी दाबावर नुसती घुं घुं करायची, चक्र फिरायचं नाही. स्टॅबिलायझर आणला तर तोही टक टक करून दमायचा. भारनियमनाचं वेळापत्रक देवघराच्या भिंतीवर पंचांगाशेजारी चिकटवलेलं असायचं आणि आठवड्याला ते बदलायचं. एखाद्या आठवड्यात लाईट रात्री अकराला यायची. मग दिवसभर रानात राबलेली माय आणि वहिनी अकराला उठून मशीन लावायच्या. अंथरुणात पडल्या पडल्या गल्लीतून हाळी ऐकू यायची, "लाईट आली गं, मशीन लावा!" चार-पाच घरांतून एकदम मोटारींचा आवाज सुरू व्हायचा. अर्ध्या तासात लाईट गेली की सगळं गप्प आणि टबात साबणाच्या पाण्यात अडकलेले कपडे. ते सकाळी पुन्हा दगडावरच यायचे. काही घरांत मशीनवर क्रोशाचा रुमाल चढला, वर टीव्ही बसला आणि आत तुरीची डाळ राहू लागली.

2012-13 चा दुष्काळ तर जालन्याने जन्मभर लक्षात ठेवावा असा. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडून सरपण केलं. टँकर आला की ड्रमांची रांग. दोन टबांच्या मशीनला धुवायला आणि दोनदा खळबळायला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात घराचा दिवस भागायचा. लाईट असली तरी मशीन लावायला कुणी धजावत नव्हतं. तेव्हा आम्हाला एक गोष्ट नीट समजली. यंत्र घरात असणं ही एक बाब आणि ते चालवण्याची मुभा असणं ही दुसरी. ती मुभा आमच्या घरांतल्या बायकांना अजून मिळायची होती.

सोलरशी आमची ओळख त्याआधीची आहे. ग्रामपंचायतीने चौकात लावलेला सौरदिवा, कुणाच्या तरी घरी आलेला सौरकंदील. ते एक-दोन पावसाळे टिकायचे, बॅटरी उतरायची आणि खांब तेवढा उरायचा. त्यामुळे सोलर म्हटलं की गावात हसायचे. हसणं थांबलं ते शेतात सौरपंप फिरायला लागल्यावर. रात्रीची लाईट, अंधारात साप-विंचवाची भीती, ते सगळं टाळून दिवसा उसाला पाणी मिळायला लागलं. मग 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राची 'सूर्यघर' योजना आली. एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान. साताऱ्याकडच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तिच्या बातम्या लोकांनी मोबाईलवर पाहिल्या. मराठवाड्यात ऊन फुकटच नाही, नको एवढं आहे. ते कुठेतरी कामी येतंय, हे लोकांना पटलं.

एक किलोवॅटची पॅनेलं आमच्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात आणि त्यांना शंभरेक चौरस फूट जागा लागते. आता धुण्याचा हिशेब बघा. दोन टबांच्या मशीनची मोटार साडेतीनशे-चारशे वॅटची. चार-पाच माणसांच्या घरचं रोजचं धुणं पाव ते अर्ध्या युनिटात उरकतं. त्यापेक्षा इस्त्री जास्त ओढते, ती हजार वॅटची असते. पाणी तापवणारं, समोरून दार उघडणारं मशीन असेल तर त्याचा हीटरच दोन हजार वॅटचा. पण आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी आपोआप हात भाजेल इतकं तापतं, तो हीटर लावायचा कशाला? हा हिशेब आम्ही पहिल्यांदा मांडला तेव्हा चुकल्यासारखा वाटला. एवढ्याशा विजेसाठी आमच्या आया रात्री अकराला उठत होत्या! धुण्याला वीज फार कधी लागलीच नव्हती, भरवशाची लागत होती.

आणि भरवशाचं सोलरमध्येही नीट समजून घ्यावं लागतं. गावात बसवलेली बरीचशी पॅनेलं ऑन-ग्रिड आहेत, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेली. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतली वापरतो आणि नेट मीटर वजाबाकी करून बिल लावतं. पण तारेतली लाईट गेली की आपलं सोलरही त्याच क्षणी बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसेल. भर उन्हात, डोक्यावर पॅनेल चमकत असताना मशीन बंद पडलं की नवी सून विचारते, "ऊन तर आहे की, मग लाईट कामून गेली?" तिला हे समजावून सांगावं लागतं. ज्यांच्याकडे दुपारची लाईट वारंवार जाते, त्यांना बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च जास्त. निदान घेताना हा फरक घरात सगळ्यांना माहीत असावा.

दुसरी गोष्ट कुणी कागदावर लिहीत नाही. स्लॅब ही बायकांची जागा. कुरडया, पापड, शेवया तिथेच, लाल मिरच्या तिथेच आणि दोऱ्याही तिथेच. आमच्याकडे पॅनेलं बसवणाऱ्याने आमच्या स्लॅबच्या दक्षिणेकडचा सगळ्यांत उन्हाचा भाग घेतला, पॅनेलं गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली आणि दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवल्या. वीज मिळाली, पण धुतलेले कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही. घरातल्या पुरुषांच्या हे आठवडाभर लक्षात आलं नाही. वहिनीने मात्र संध्याकाळी ओली चादर खुर्चीवर पसरताना सरळ विचारलं, "मशीन उन्हावर चालतं म्हणता, आन् कपडे कशावर वाळवू?" पुढे शेजारच्या घरी पॅनेलं बसली तेव्हा त्यांनी शहाणपणा केला. लोखंडी सांगाडा माणसाच्या डोक्यापेक्षा उंच करून घेतला. खर्च थोडा वाढला, पण खाली दोऱ्या बांधता आल्या. आता त्यांच्याकडे वर पॅनेलं आणि खाली साड्या. रंगीत कपडे सावलीत वाळतात म्हणून विटतही नाहीत आणि अचानक पाऊस आला तरी धावाधाव कमी.

पॅनेलांचंही एक धुणं असतंच. कच्च्या रस्त्यांची धूळ, मळणीच्या दिवसांतला भुसा, कबुतरांची कृपा. काचेवर थर बसला की युनिट कमी पडतात. पहाटे, काच गार असताना, ओल्या फडक्याने पुसायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. जड पाण्याशी आमचा हा झगडा दगडापासून पॅनेलापर्यंत सुटलेला नाही. फरक एवढाच की हे धुणं बहुतेक घरांत पुरुष करतात, कारण त्याचा हिशेब बिलात दिसतो.

आता घरोघरी साधारण एक नवीन घडी बसली आहे. सकाळची भाकरी, पोरांचे डबे, मग अकराच्या सुमाराला मशीन. पॅनेलं चांगली चालू लागलेली असतात, टाकीत पाणी असतं, तीनच्या आत कपडे वाळून घडी होते. रात्री कुणी उठत नाही. श्रावणात चार-पाच दिवस आभाळ भरलेलं असलं की वीज निम्म्याखाली येते, तेव्हा फक्त शाळेचे गणवेश धुवायचे आणि जाड कपडे उघाडीपर्यंत ठेवायचे, हे वहिनी आभाळाकडे बघूनच सांगते. दसरा काढायला आजही काही घरं वाकळा घेऊन पाण्यावर जातात. मशीनमध्ये वाकळ मावत नाही आणि ते बरंच आहे, असं आमच्यातल्या काही जणी म्हणतात. ज्या प्रत्यक्ष धुतात त्या तसं म्हणत नाहीत.

आठवणी काढायला मजा येते, म्हणून ते दिवस चांगले होते असं नाही. त्या दगडावर आमच्या आयांची कंबर गेली, सोड्याने हात गेले, भारनियमनाने झोप गेली. उन्हाने कपडे वाळतात हे त्यांना माहीत होतंच. तेच ऊन कपडे धुऊ शकतं, हे त्यांच्या वाट्याला उशिरा आलं. काहींच्या वाट्याला आलंच नाही.

म्हणून सोलर घेणाऱ्या घरांना एवढंच सांगणं आहे. पॅनेलं बसवायला माणूस आला की त्याला थेट स्लॅबवर चढवू नका. आधी घरातल्या बाईला बोलवा. मशीन कुठे आहे, दोऱ्या कुठे आहेत, वाळवण कुठे घालतो, लाईट कधी जाते हे तिला सांगू द्या. अर्थिंग झालंय का, ते तपासून घ्या. सांगाडा डोक्याच्या वर घ्या. बॅटरी हवी की नको, हे बिलाकडे बघून ठरवाच, पण धुणं कोण करतं आणि किती वाजता करतं, हेही विचारून ठरवा. अनुदान कुणाच्याही नावावर येऊ द्या, मशीन कधी लावायचं हे मात्र धुणाऱ्या माणसाला ठरवू द्या.